१६ विजेतेपदं: प्रशिक्षकाची की खेळाडूंची?

अमेरिकेतल्या ह्यूस्टन विद्यापीठाच्या गोल्फ संघाने १९५६ ते १९८५ या काळात कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद १६ वेळा जिंकलं. या सगळ्या वेळी प्रशिक्षक एकच होते: डेव्ह विल्यम्स. गंमत म्हणजे हे गृहस्थ मूळचे अभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक. आता प्रश्न असा की या १६ मध्ये विल्यम्स यांचा वाटा किती?

प्रश्न साधा वाटतो, पण संशोधनाच्या भाषेत मांडायला गेलं की तो हातातून निसटतो. म्हणूनच तो इथे घेतलाय. गोल्फ येत नसेल तरी चालेल. इतकंच लक्षात ठेवा की कमीत कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालणारा जिंकतो. कॉलेजच्या स्पर्धेत साधारणपणे पाच जण खेळतात आणि त्यातल्या चांगल्या चौघांचे फटके संघाच्या खात्यात धरले जातात.

पहिली अडचण आपल्या ओळखीची आहे. जून महिन्यात क्लासवाले चौकाचौकात फ्लेक्स लावतात, 'आमचे टॉपर'. क्लासने टॉपर घडवले, की मुळातच हुशार पोरं त्या क्लासला गेली? लातूर पॅटर्नबद्दल हा वाद घराघरांत झालाय. याला सिलेक्शन इफेक्ट म्हणतात, म्हणजे निवडीमुळे दिसणारा परिणाम. कॉलेज गोल्फमध्ये तर तो फारच जोरात असतो, कारण शाळकरी वयातले चांगले खेळाडू हेरून, शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे आणणं हाच प्रशिक्षकाच्या नोकरीचा मोठा भाग. त्यात ह्यूस्टनचं हवामान उबदार. उत्तरेकडची मैदानं बर्फाखाली असतात तेव्हा इथे सराव चालू असतो.

मग करायचं काय? एकूण आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा तो फोडून बघा. १६ पैकी १२ विजेतेपदं १९७० पर्यंतच्या १५ वर्षांत आली. १९७१ ते १९८७, म्हणजे विल्यम्स यांच्या निवृत्तीपर्यंतच्या १७ वर्षांत, उरलेली फक्त चार. माणूस तोच, संस्था तीच. मग बदललं काय? एक म्हणजे बाकीचे जागे झाले. १९७१ आणि १९७२ मध्ये टेक्सास विद्यापीठ जिंकलं, १९७४ आणि १९७५ मध्ये वेक फॉरेस्ट, आणि ओक्लाहोमा स्टेटचा काळ सुरू झाला १९७६ पासून. दुसरं म्हणजे पुढे कॉलेजांनी किती शिष्यवृत्त्या द्यायच्या यावर मर्यादा आल्या. पुरुषांच्या गोल्फसाठी ती कित्येक वर्षं प्रत्येक संघाला साडेचार शिष्यवृत्त्या इतकी होती. चांगले खेळाडू एकाच ठिकाणी गोळा करणं तेव्हापासून अवघड झालं. विल्यम्स यांचं कौशल्य १९७१ च्या जानेवारीत अचानक आटलं, असं म्हणण्यापेक्षा त्या कौशल्याचं फळ भोवतालच्या परिस्थितीवर अवलंबून होतं असं म्हणणं मला जास्त पटतं.

'प्रशिक्षक बदलला की काय होतं ते बघू' ही दुसरी युक्ती. ह्यूस्टनला विल्यम्स गेल्यानंतर एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळालेलं नाही. म्हणजे सगळा खेळ विल्यम्स यांचाच? थांबा. ओक्लाहोमा स्टेटमध्ये माइक होल्डर १९७३ ते २००५ प्रशिक्षक होते आणि त्यांच्या संघाने आठ विजेतेपदं मिळवली. ते बाजूला झाले आणि लगेच पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, नव्या प्रशिक्षकाच्या पहिल्याच हंगामात संघ पुन्हा जिंकला. नंतर २०१८ आणि २०२५ मध्येही जिंकला, तेव्हा प्रशिक्षक आणखी वेगळे. म्हणजे इथे संस्था महत्त्वाची ठरली, माणूस नाही?

एवढ्यावरून तसंही म्हणता येत नाही. गोल्फचा विद्यार्थी चार वर्षं असतो, त्यामुळे २००६ च्या संघातले खेळाडू बहुतांशी होल्डर यांच्या काळातच आलेले. शिवाय त्यांनी देणग्या जमवून कार्स्टन क्रीक हे स्वतंत्र मैदान उभं केलं होतं, ते तर त्यांच्यानंतरही तिथेच आहे. कारण आज घडतं आणि परिणाम चार वर्षांनी, कधी वीस वर्षांनी दिसतो. ज्या वर्षी चषक आला त्या वर्षीच्या प्रशिक्षकाच्या नावावर तो टाकणं सोपं आहे, पण हिशोब चुकतो.

मला विचाराल तर विजेतेपदं मोजणं सोडून एकेका खेळाडूकडे जावं. कॉलेजला येण्याआधी त्याला किती फटके लागत, चार वर्षांनी किती लागतात, आणि सुरुवातीला त्याच्याइतकाच असलेला पण दुसऱ्या कॉलेजला गेलेला मुलगा कुठे पोचला? ही तुलना जास्त प्रामाणिक आहे. पण तिलाही दोन्ही टोकांना भोकं आहेत. फार चांगले खेळाडू मध्येच व्यावसायिक होतात. टायगर वुड्स यांनी स्टॅनफर्ड दोन वर्षांत सोडलं, फ्रेड कपल्स यांनीही ह्यूस्टनचं शिक्षण पूर्ण न करता तोच रस्ता धरला. दुसऱ्या टोकाला, ज्याला पाचांत जागाच मिळत नाही त्याचे आकडे स्पर्धेच्या नोंदींत येतच नाहीत. उरतात ते मधले, आणि त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोललं जातं.

हे सगळं पीएचडीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांसाठी का लिहितेय? कारण गाइड निवडताना आपण हेच करतो. 'सरांचे बारा विद्यार्थी डॉक्टर झाले' हे ऐकून अर्ज भरतो. त्या बाराच्या खाली छेद किती हे कुणी विचारत नाही. एकूण किती जणांनी नोंदणी केली, किती जण तिसऱ्या-चौथ्या वर्षी गळाले, ते आता काय करतात, हे विभागाच्या संकेतस्थळावर सहसा मिळत नाही. ते कँटीनमध्ये कळतं, सीनियरना विचारलं तर. आणि बारा जणांपैकी कितीजण येतानाच नेट-जेआरएफ घेऊन आले होते, तेही विचारून ठेवा.

होल्डर यांच्या बाबतीत एक गोष्ट अजून माझ्या मनात घोळतेय. खेळाडू हेरणं आणि मैदानासाठी पैसे जमवणं ही दोन्ही कामं त्यांनीच केली. मग सिलेक्शन इफेक्ट आकडेमोडीतून वजा करायचा म्हटलं तर आपण त्यांचं निम्मं कामच वजा करतो. वाटा मोजण्याआधी 'प्रशिक्षण' या शब्दात काय काय धरायचं हे ठरवावं लागेल, आणि त्याचं उत्तर आकड्यांच्या तक्त्यात नाही.