आडगाव ते गाविलगड : १८०३ चे सतरा दिवस

वऱ्हाडातल्या मंडळींनी हा इतिहास माहीत करून घ्यायलाच हवा. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेला हरवलं. पेशवे बाजीराव इंग्रजांकडे पळाले, त्यांच्याशी वसईचा तह झाला आणि घरातली भाऊबंदकी थेट आपल्या दारात आली. इंग्रजांशी लढायला शिंदे आणि नागपूरकर भोसले उभे राहिले. होळकर त्या वर्षी बाजूलाच राहिले.

२९ नोव्हेंबर १८०३, आडगाव (आताचा तेल्हारा तालुका). भोसल्यांच्या सैन्याचं नेतृत्व नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी करत होते. मराठ्यांच्या तोफा अशा कडाडल्या की असईच्या लढाईत टिकलेल्या इंग्रजांच्या पलटणीही मागे फिरल्या. इंग्रज सेनापती वेलस्लीने त्यांना सावरलं. अंधार पडेपर्यंत मराठा फौज मोडली होती, आणि चांदण्यात तिचा पाठलाग झाला. ३८ तोफा गेल्या.

उरलेलं पायदळ गाविलगडावर चढलं. किल्लेदार बेनीसिंह. इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटातून जड तोफा अक्षरशः हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या. १५ डिसेंबरला बाहेरची तटबंदी पडली, पण आतला कोट दरीपलीकडे होता! अखेर कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून आत शिरली. बेनीसिंह लढता लढता पडला.

दोनच दिवसांनी भोसले आणि इंग्रजांमध्ये देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला आणि वऱ्हाड इंग्रजांच्या मित्राकडे, निजामाकडे गेलं. गाविलगड आणि नरनाळा मात्र भोसल्यांकडेच राहिले. गाविलगडाजवळच्या चिखलदऱ्याला गेलात तर नुसते पॉइंट बघून परतू नका, गडाच्या आतल्या कोटापर्यंत चालत जा.