घरगुती सर्व्हर : साठवणीची निवड कशी करावी?

जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, कुटुंबाची छायाचित्रे अशा अनेक गोष्टी आता मोबाइल व संगणकात जतन केल्या जातात. त्या कोठूनही पाहता याव्यात म्हणून बहुतेक लोक मोठ्या कंपन्यांच्या क्लाउड सेवेचा आश्रय घेतात. ठरावीक मर्यादेपलीकडे या सेवेचे शुल्क भरावे लागते व कागदपत्रे परक्याच्या यंत्रावर राहतात. यास पर्याय म्हणून घरातील जुना संगणक किंवा 'रास्पबेरी पाय'सारखा छोटा संगणक सर्व्हर म्हणून वापरता येतो. तथापि, अशा यंत्राची शक्ती मर्यादित असल्याने प्रणालीची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे ठरते.

मुक्तस्रोत प्रणालींमध्ये 'नेक्स्टक्लाउड' विशेष परिचित आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'ओनक्लाउड' प्रकल्पातून ती २०१६ मध्ये वेगळी झाली. फाइलींबरोबरच दिनदर्शिका व संपर्कसूची यांचीही सोय तीत आहे. परंतु तिला वेब सर्व्हर, पीएचपी व डेटाबेस यांची जोड लागते आणि या सर्वांची वेळोवेळी निगा राखावी लागते. ५१२ मेगाबाइट मेमरीच्या यंत्रास हा भार जड जातो.

केवळ दोन संगणकांतील फाइली सारख्या ठेवावयाच्या असतील, तर २०१३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली 'सिंकथिंग' ही प्रणाली पुरेशी आहे. तीत फाइलींसाठी मध्यवर्ती साठवण नसते. यंत्रे परस्परांशी संपर्क साधून बदल कळवितात व माहिती सांकेतिक रूपात पाठवितात. फाइली दुरून उघडणे व ठेवणे एवढीच गरज असल्यास १९९९ मध्ये प्रमाणित झालेल्या 'वेबडॅव्ह' पद्धतीचा साधा सर्व्हर उपयोगी पडतो. सारांश, सोयींच्या संख्येवरून नव्हे, तर गरजेवरून निवड करावी.

येथे एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. फाइली सारख्या ठेवणे म्हणजे त्या सुरक्षित ठेवणे नव्हे. एका यंत्रावर चुकून पुसलेली फाइल दुसऱ्यावरूनही पुसली जाऊ शकते. म्हणून स्वतंत्र हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत घेऊन ती अन्य ठिकाणी ठेवावी आणि तीतील फाइली उघडतात की नाही, हे अधूनमधून पडताळून पाहावे. सर्व्हर थेट इंटरनेटवर खुला न ठेवता 'वायरगार्ड'सारख्या सुरक्षित मार्गाने त्याच्याशी संपर्क साधावा. कार्यालयीन दप्तर मात्र घरच्या यंत्रावर ठेवू नये.

घरचा सर्व्हर कागदपत्रांचा ताबा कुटुंबाच्या हाती देतो. त्याबरोबरच त्यांच्या रक्षणाची जबाबदारीही कुटुंबाकडेच येते.