दचकला, म्हणजे ऐकू आलं?

आमच्या घराण्यात एका मुलाच्या कानांची पहिली तपासणी सुतळी बॉम्बनं झाली. मावसबहिणीचा मुलगा. दोन वर्षं उलटली तरी 'आई' म्हणत नव्हता. नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लीत कुणीतरी बॉम्ब लावला, पोरगं दचकून आईला बिलगलं आणि त्याच्या आजीनं निकाल देऊन टाकला : "कान ठणठणीत आहेत गं याचे. मुलगे उशिराच बोलतात. याचा काका चार वर्षांचा होईस्तोवर मुका होता, आता बोलायला लागला की थांबत नाही." सगळे हसले. मधात वेखंड उगाळून जिभेला लावायचं ठरलं. विषय मिटला तो थेट पुढच्या दिवाळीपर्यंत. तेव्हा त्याच्या दोन्ही कानांना मशीन लागलेलं होतं.

आजीचं निरीक्षण खोटं नव्हतं. बॉम्ब त्याला ऐकू आलाच होता. फटाक्याच्या आवाजाला आपल्याकडे कायद्यानं चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा आहे (ती पाळली जाते असं मानणारा माणूस दिवाळीत घराबाहेर पडत नसावा). आपण घरात बोलतो ते साधारण 60 डेसिबल. या मुलाला 70च्या खालचं काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे बॉम्ब ऐकू येणार, दार आपटलेलं कळणार, आणि अंथरुणात शेजारी पडून आईनं सांगितलेली गोष्ट मात्र त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

याहून फसवा प्रकार म्हणजे फक्त उंच पट्टीचे, बारीक आवाज न येणं. मराठीतले स्वर जाडजूड असतात, खालच्या पट्टीत बसतात. स, श, फ ही व्यंजनं म्हणजे नुसती हवेची फुंकर. ती वरच्या पट्टीत आणि तीही हळू. अशा मुलाला 'सात', 'हात', 'खाट' यांतला मधला 'आ' तेवढा येतो. मागून हाक मारली तर ते वळूनही बघतं. घरचे निर्धास्त राहतात आणि शाळेत गेल्यावर बाई लिहून पाठवतात, 'लक्ष देत नाही.' ओठ बघून कळत असेल म्हणावं, तर एकदा आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा, बाबा, मामा' म्हणून बघा. तिन्ही वेळा ओठ तेच करतात.

खरी तपासणी अवघड नाही. तान्ह्या बाळाच्या कानात मऊ टोक बसवून बारीक आवाज सोडतात. आतल्या शंखाकृती भागातल्या पेशी निरोगी असतील तर त्या स्वतःच एक क्षीण प्रतिध्वनी परत पाठवतात आणि यंत्र तो टिपतं. ही ओएई, काही मिनिटांचं काम. जन्मल्यावर लगेच केली तर कानात राहिलेल्या पाण्यानं ती कधी कधी फसते, मग पुन्हा करायची. शंका उरली तर बेरा : बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते पाहतात. जगभरचे तज्ज्ञ एक-तीन-सहाचा हिशेब सांगतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. बाळ मुदतीआधी जन्मलं असेल, काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार चढली असेल, आईला गरोदरपणी रुबेला झाला असेल किंवा आईवडील आते-मामे भावंडं असतील, तर मुळीच थांबू नये.

हे सगळं महागड्या रुग्णालयातच होतं असं नाही. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत नि शाळेत येणारं पथक शंका आलेल्या मुलाला पुढे पाठवतं, आणि त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला 1983 पासून वाचा व श्रवण या विषयाची राष्ट्रीय संस्था आहे, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले अली यावर जंग यांच्या नावाची. केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्रं मिळतात, आणि जन्मतः कर्णबधिर असलेल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना शस्त्रक्रियेनं बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदतही. ही वयाची अट सरकारी लहर नव्हे. बोलीचे आवाज ओळखायला शिकणारा मेंदूचा भाग पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत जितका लवचीक असतो तितका पुढे राहत नाही.

मशीन लावलं की मूल बोलू लागेल, अशी मावसबहिणीचीही समजूत होती. पण मुलाच्या कानांचा वाढदिवस मशीन लागलं त्या दिवसापासून मोजायचा असतो. वाचातज्ज्ञ त्याला 'श्रवणवय' म्हणतात. तीन वर्षांचा मुलगा, श्रवणवय शून्य. पहिल्या आठवड्यात तो मशीन ओढून काढी, फेकी. एकदा ते आमटीच्या भांड्यात सापडलं. मूल वाढतं तसा कानही वाढतो, कानात बसणारा मशीनचा साचा म्हणजे मोल्ड सैल होतो, मशीन शिट्टी मारू लागतं, नवा मोल्ड करावा लागतो. पावसाळ्यात घाम नि ओल यांनी ते बिघडतं म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं. इम्प्लांटचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात तेव्हा पुष्कळ मुलं घाबरून रडतात, आणि पुढची काही वर्षं शिकवणी चालते. बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती यांचा खर्च आधी विचारून घ्यावा, तो कुणी आपणहून सांगत नाही.

आता दुसरा मुलगा. आमच्या इमारतीतला, आज सात वर्षांचा. त्याची गोष्ट नेमकी उलटी. हाक मारली की वळायचा नाही, म्हणून घरच्यांना वाटलं बहिरा आहे. आणि तोच मिक्सर सुरू झाला की कान दाबून पलंगाखाली शिरायचा. कान तपासले, उत्तम निघाले. पुढे निदान झालं ऑटिझमचं.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द सुबक आहे आणि माझ्या मते चुकीचा वळसा देतो. स्वतःत रमलेलं मूल म्हटलं की ते मनात आणलं तर बाहेर येईल असं वाटू लागतं. बऱ्याच पालकांना म्हणूनच सरळ 'ऑटिझम' बरा वाटतो. 1943 साली लिओ कॅनरनं अकरा मुलांचं वर्णन करून हे नाव प्रचारात आणलं. पुढे ब्रूनो बेटलहाइमसारख्यांनी दोष आईच्या थंडपणावर टाकला. ते मत कधीच निकालात निघालं, तरी आपल्याकडे त्याचा नवा अवतार दर लग्नसमारंभात भेटतो : आई नोकरी करते ना, मोबाइल देते ना. ऑटिझम ही मेंदूच्या जडणघडणीतली तऱ्हा आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मोबाइल कमी करावा तो वेगळ्या कारणासाठी. मोबाइल मुलाच्या उत्तराची वाट बघत नाही.

पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास बोट दाखवणं नाही, नावाला ओ नाही, सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडणं नाही, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गळून पडले, तर दाखवून घ्यावं. ऐकू न येणारं मूल बहुधा तोंडाकडे बघतं, खुणा करतं, बोटानं दाखवतं. ऑटिझम असलेलं मूल पुष्कळदा आपला हात धरून डब्यापर्यंत नेतं, चेहऱ्याकडे न बघता. पण हा नियम नव्हे, आणि दोन्ही एकाच मुलात असू शकतं. म्हणून न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासायचे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची सुमारे चार हजार मुलं तपासली होती, त्यांतलं एक ठिकाण उत्तर गोवा. विकासाच्या अडचणी असलेल्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाला एकाहून जास्त अडचणी होत्या.

इमारतीतल्या या मुलाला शब्द आले ते अख्खी वाक्यं म्हणून, ऐकली तशीच. तहान लागली की म्हणे, "तुला पाणी हवं?" कारण पाणी मिळतं त्याआधी हेच कानावर पडतं. आपल्या भाषेत यात आणखी एक गंमत होते. दिवसभर आईचं ऐकायचं, त्यामुळे तो "मी जाते", "मी जेवते" म्हणायचा आणि आजोबा कासावीस व्हायचे. थेरपिस्टनं सांगितलं, चुका काढू नका, हा निरोप आहे, तो घ्या. त्याच्या तोंडी यायला हवं ते तुम्ही म्हणा : "मला पाणी हवं." आणि पेला द्या.

गोव्यात 'संगत' या संस्थेनं जे करून पाहिलं ते मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. ब्रिटनमधली एक पद्धत घेऊन गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथल्या 65 मुलांवर प्रयोग झाला, 2016 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. ते आई आणि मुलाच्या खेळण्याचं चित्रीकरण करायचे आणि मग आईबरोबर बसून ते बघायचे. इथं बघा, त्यानं चमचा उचलून तुमच्याकडे पाहिलं होतं. तुमचं लक्ष रंग विचारण्यात होतं. पालक मुलाच्या लयीत येऊ लागले, मुलं आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट थोडा घटलाच. जादू कुठंच नव्हती.

घरी याचा अर्थ असा, की परीक्षा घेणं थांबवायचं. 'हे काय? हा कुठला रंग? म्हण, पाणी म्हण!' याऐवजी मूल जे करतंय तेच छोट्या वाक्यात बोलायचं आणि गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजायचे. दहा आकडे फार लांब असतात, मोजून बघा. आवडीची वस्तू घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवायची, म्हणजे मागावंच लागतं. मागणं शब्दांतच हवं असं नाही. चित्र दिलं चालेल, खूण केली चालेल. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे फुकट अ‍ॅप चित्राला बोट लावलं की मराठीत बोलतं. 'चित्रं दिली तर तो बोलायचा आळस करेल' ही भीती मी पालकांइतकीच शिक्षकांकडूनही ऐकली आहे. आजवरच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. काहींत बोलणं थोडं वाढलेलंच दिसतं. कर्णबधिर मुलांच्या खुणांबद्दलही हाच धाक घातला जातो. भारतीय सांकेतिक भाषा ही हातवारे करून बोललेली मराठी नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे, तिच्यात 'काय', 'कुठं' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात, आणि तिच्या अधिकृत कोशात 2021 पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. 1995च्या कायद्यात सात अपंगत्वं होती आणि त्यांत ऑटिझम नव्हता. 2016च्या कायद्यात एकवीस आहेत, ऑटिझम आणि वाचादोष दोन्ही आहेत. प्रमाणपत्र काढून ठेवावं. पुष्कळ आईबाप 'शिक्का बसेल' म्हणून टाळतात आणि मुलाची दहावी आली की धावपळ करतात.

परवाच्या दिवाळीत इमारतीतल्या त्या मुलाच्या घरी फ्रिजवर पाच चित्रं लावली होती : दिवा, आंघोळ, फराळ, किल्ला, झोप. उटण्याचं चित्र नव्हतं. उटणं त्याला अंगावर काचकागद घासल्यासारखं होतं, पहाटेचं कढत पाणी सोसत नाही, म्हणून अभ्यंगस्नान आठ वाजता, साबणानं. आजोबा नाराज होते. खाली पोरांनी किल्ला केला होता. चिखलाला हा हात लावत नाही, म्हणून मावळे त्याच्याकडे. बाकीच्यांना ते बुरुजांवर हवे होते, यानं तटावर उंचीनुसार एका रांगेत लावले आणि कुणी हलवू दिले नाहीत. मी शेजारी बसले आणि सवयीनं विचारलं, "हा कोण रे?" उत्तर नाही. मग जीभ चावली आणि मनात मोजायला लागले. सात, आठ. कानावरचे हेडफोन सारखे करून तो उठला, पायरीवर ठेवलेला घट्ट झाकणाचा डबा घेऊन आला आणि माझ्या मांडीत ठेवून म्हणाला, "तुला चकली हवी?"

मी झाकण काढलं. "मला चकली हवी," मी म्हणाले, आणि त्याला दिली.