वेगळा वर्ग मोडला तेव्हा

आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने गेल्या पावसाळ्यात आम्हांस विचारले, "फादर, पोरीला लांबच्या संस्थेत ठेवू का? गावच्या शाळेत तिची हेळसांड होईल." मुलगी आठ वर्षांची. पायांत बळ नाही, बोलणे अस्पष्ट. मिस्सेला थोरला भाऊ तिला पाठुंगळी घेऊन येतो. पूर्वी अशा दोन घरांना आम्ही संस्थेचाच मार्ग दाखविला होता. या खेपेस मात्र होकार ओठांवर येऊन अडला. कारण इटली देशातील एक हकिकत नुकतीच आमच्या वाचनात आली होती. ती वाचकांसही सांगावीशी वाटते.

सन १९६० च्या सुमारास त्या देशाच्या दक्षिणेकडील गरीब कुटुंबे रोजगारासाठी ट्युरिन, मिलान अशा उत्तरेच्या कारखानदार शहरांत जाऊ लागली. त्यांच्या मुलांची बोली निराळी, घरी पुस्तक नाही. तेव्हा त्यांतील अनेकांची रवानगी 'मंद' मुलांसाठी काढलेल्या वेगळ्या वर्गांत झाली. ज्यांच्या बुद्धीत काडीचेही न्यून नव्हते, तीही मुले तेथे जाऊन बसली! अंध व कर्णबधिर मुलांसाठी निराळ्या संस्था होत्या, त्यांतील पुष्कळ धर्मभगिनींच्या व धर्मगुरूंच्या. ज्या काळी या लेकरांना कोणी दारात उभे करीत नव्हते, त्या काळी या संस्थांनी त्यांना अक्षर व हुन्नर शिकविले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु संस्थेत गेलेले मूल गावाला परके होत असे, हेही तितकेच खरे.

सन १९६७ मध्ये बार्बियाना या डोंगरी खेड्यातील फादर लोरेंझो मिलानी यांच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून एका शिक्षिकेस पत्र लिहिले व ते पुस्तकरूपाने छापले. शेतकऱ्यांच्या मुलांना नापास करकरून शाळाच बाहेर घालविते, असा त्यांचा आरोप होता. देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी फादर मिलानी वारले.

सन १९७१ च्या ११८ क्रमांकाच्या कायद्याने, अत्यंत गंभीर अवस्थेतील मुले वगळता, अपंग मुलांनी सर्वसाधारण वर्गातच शिकावे असे ठरविले. जाण्यायेण्याची मोफत सोय करावी, इमारतींतील अडथळे काढावे, असेही त्यात होते. मुले वर्गात आली खरी. पण त्यांना शिकवावे कसे, हे शिक्षकांना कोणी सांगितले नव्हते. कित्येक मुले मागच्या बाकावर नुसती बसून राहिली. बियाणे टाकले आणि नांगरट राहून गेली, असा तो प्रकार! मग सिनेटर फ्रांका फाल्कुच्ची या बाईंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल १९७५ साली आला, आणि ४ ऑगस्ट १९७७ रोजी ५१७ क्रमांकाचा कायदा होऊन वेगळे वर्ग मोडले गेले.

या कायद्याची खरी मेख पुढेच आहे. अपंग मूल असलेल्या वर्गात विसांहून अधिक मुले नसावीत व तेथे खास शिक्षण घेतलेला एक साहाय्यक शिक्षक द्यावा, असे ठरले. हा शिक्षक त्या एका मुलाचा राखणदार नव्हे. तो साऱ्या वर्गाचा शिक्षक, मुख्य शिक्षकाच्या बरोबरीचा. मुलाने वर्षभरात काय शिकावे याची लेखी योजना शिक्षक, आईबाप व वैद्यकीय जाणकार एकत्र बसून करतात. सन १९८७ मध्ये तेथील घटना न्यायालयाने हा हक्क वरच्या माध्यमिक शाळेपर्यंत नेला. आज तीन लाखांहून अधिक अपंग मुले तेथे इतरांबरोबर एकाच शाळेत शिकत आहेत.

तेथे सर्व आलबेल आहे, असे मात्र कोणी समजू नये. साहाय्यक शिक्षकांपैकी पुष्कळांनी ते खास शिक्षण घेतलेलेच नसते. निम्म्याहून अधिक मुलांचा शिक्षक वर्षागणिक बदलतो. कोठे कोठे तो मुलाला घेऊन निराळ्या खोलीत जाऊन बसतो, म्हणजे मोडलेला वर्ग मागल्या दाराने परत येतो. कर्णबधिरांची तक्रार तर विचार करण्याजोगी आहे: जुन्या संस्थांत मुले आपसांत हातांच्या भाषेत बोलत, साध्या वर्गात ती भाषा जाणणारे कोणी नाही. त्या भाषेला इटलीच्या कायद्याने मान्यता दिली ती २०२१ साली.

म्हणून आम्ही त्या माउलीला "संस्था वाईट" असे सांगितले नाही. आपल्या देशाच्या २०१६ च्या कायद्यात काय आहे, तेवढे समजावून दिले. ज्याचे अपंगत्व शेकडा ४० वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड घराची आहे. शाळेने "जागा नाही" म्हणून परत पाठवावयाचे नाही. प्रमाणपत्रासाठी बापाला एका दिवसाची मजुरी बुडवून जिल्ह्याच्या इस्पितळात जावे लागले.

मुलीला गावच्या शाळेतच घालावे, असे त्या घराने ठरविले. भाऊ त्याच शाळेत सातवीत आहे. पुढल्या वर्षी तो तेथून जाईल, तेव्हा तिला आणावयाचे कोणी, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. शाळेच्या दारात तीन पायऱ्या आहेत. आमच्या धर्मग्रामातील एका गवंड्याने तेथे उतरण बांधून देण्याचे कबूल केले असून, वाळू येऊन पडली आहे.