पेढीवरील संगणक : मोठी पेटी की छोटा संच?

व्यापारी घराण्यांत पेढीवरील प्रत्येक वस्तूची निवड पूर्वापार विचारपूर्वक होत आली आहे. तराजू कोणता घ्यावा, तिजोरी कोणत्या भिंतीला लावावी, चोपड्या कोणाच्या हाती असाव्यात, यात घरची वडीलधारी मंडळी जातीने लक्ष घालीत. संगणकाच्या वाट्याला मात्र एवढा विचार क्वचितच आला. दुरुस्तीला येणाऱ्या तंत्रज्ञाने सुचविला तो संच घेतला गेला आणि गल्ल्याच्या खाली, पायाशी, एक मोठी काळी पेटी येऊन बसली. वर्षामागून वर्षे गेली आणि रोजकीर्द, खतावणी, उधारी, मालाचा साठा हे सारे हळूहळू त्या पेटीत गेले.

आज अनेक पेढ्यांवर ती पेटी बदलण्याची वेळ आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. त्या दिवसानंतर जुने संगणक बंद पडले नाहीत. परंतु त्यांना नेहमीप्रमाणे विनामूल्य मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या, आणि मर्यादित मुदतवाढ घेणाऱ्यांनाही पुढचा निर्णय चुकलेला नाही. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे ज्या यंत्रावरून होतात, ते यंत्र असे उघडे ठेवणे शहाणपणाचे नाही. अशा वेळी दुकानदार मिठाईच्या खोक्याएवढा एक संच पुढे करतो आणि म्हणतो, ‘हाच पुरे, शेठ.’ तो खरोखर पुरतो का, हे पाहिले पाहिजे.

‘मिनी’ शब्दाची उलटापालट

‘मिनी कॉम्प्युटर’ हा शब्द नवा नाही. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ साली पीडीपी-८ हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती आणि तरीही ते ‘मिनी’ म्हणून ओळखले गेले. कारण त्याआधीचे संगणक दालनेच्या दालने व्यापीत. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि टेबलावरील पेटी ही कल्पना रूढ झाली.

आजचा मिनी संगणक हा त्या पेटीचा वारस आहे. अ‍ॅपलने २००५ मध्ये मॅक मिनी आणला. पुढे इंटेलने सुमारे चार इंच लांबी-रुंदीच्या मुख्य फलकावर बेतलेले ‘नक’ नावाचे संच काढले. २०२३ मध्ये इंटेलने त्यातून अंग काढून घेतल्यावर ती परंपरा असुसने पुढे चालविली. लेनोव्हो, एचपी आणि डेल यांनी कार्यालयांसाठी साधारण एक लिटर आकारमानाचे संच बनविले. २०२४ चा मॅक मिनी तर १२.७ सेंटीमीटर चौरस आणि ५ सेंटीमीटर उंच आहे. म्हणजे लिटरभर दुधाच्या पिशवीपेक्षाही कमी जागा.

पेटी लहान कशी झाली?

जुन्या पेटीत जागा कशाने व्यापली होती, हे पाहिले की उत्तर मिळते. फ्लॉपीचा खण, सीडीचा खण, साडेतीन इंची हार्ड डिस्क, वीजपुरवठ्याचा जाडजूड डबा आणि पुढेमागे कार्डे बसविण्यासाठी मोकळ्या खाचा, यांसाठीच ती पेटी मोठी होती. फ्लॉपी गेली, सीडी गेली. हार्ड डिस्कच्या जागी बोटभर लांबीची, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एसएसडी पट्टी आली. पडद्यावरील चित्र उमटविण्याचे काम मुख्य प्रोसेसरच करू लागला. वीजपुरवठ्याचा डबा बहुतेक संचांत बाहेर, लॅपटॉपसारख्या अडॅप्टरच्या रूपाने गेला. उरले ते तळहाताएवढे. जुन्या पेटीतील मोकळी जागा बहुतांश पेढ्यांवर कधी वापरलीच गेली नव्हती.

पेढीचे काम केवढे?

बिल करणे, टॅलीत नोंदी घेणे, जीएसटीची विवरणपत्रे भरणे, बँकेचे संकेतस्थळ उघडणे, व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक पाठविणे, क्वचित एखादा एक्सेलचा तक्ता. बहुसंख्य पेढ्यांचे काम एवढेच आहे. २०२३ च्या आरंभी आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा प्रोसेसर अवघ्या ६ वॅटच्या मर्यादेत बसविलेला आहे. एका बिलाच्या टेबलासाठी तो पुरतो. दहा-पंधरा वर्षांचा हिशेब, हजारो वस्तूंची यादी आणि दोन-तीन जण एकाच वेळी त्याच माहितीवर काम करणारे असतील, तर कार्यालयीन एक लिटरच्या संचातील अधिक ताकदीचा प्रोसेसर घ्यावा. दोन्ही बाबतींत ८ जीबी रॅम ही किमान पातळी, १६ जीबी निश्चिंतीची, आणि साठवण एसएसडीचीच असावी.

येथे एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे. जुना संगणक केवळ संथ झाला म्हणून बदलायचा असेल आणि तो विंडोज ११ साठी पात्र असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविल्यानेच पुष्कळदा काम भागते. त्या खर्चात नवा संच येत नाही. खरेदीपूर्वी हा पर्याय तपासणे हा व्यापाराचाच धर्म आहे.

मॅक मिनी दिसायला देखणा आणि कामाला वेगवान असला, तरी टॅली विंडोजवर चालते, हे विसरू नये. ब्रिटनमध्ये २०१२ साली सुरू झालेला रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणकही शाळकरी मुलांच्या हाती द्यायला उत्तम. हिशेबाच्या टेबलावर त्याचे स्थान नाही.

विजेचा हिशेब

विजेची बचत होते, पण ती किती, हे आकड्यांत मांडलेले बरे. जुना संच कामात असताना सरासरी ७० वॅट आणि छोटा संच १५ वॅट घेतो असे धरू. दिवसाचे १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास फरक १६५ युनिटांचा येतो. युनिटला १० रुपये दर मानला तर वर्षाला १,६५० रुपये वाचतात. एवढ्यावरून नव्या संचाची किंमत वर्षा-दोन वर्षांत निघेल असे कोणी सांगत असेल, तर ते मानू नये.

खरा लाभ वीज गेल्यावर कळतो. २० वॅटचा पडदा धरून जुन्या संचाचा एकूण भार ९० वॅट, तर छोट्याचा ३५ वॅट. त्यामुळे त्याच यूपीएसची तीच बॅटरी निदान दुप्पट वेळ पुरते. ज्या गावांत दुपारी वीज जाते, तेथे बिल अर्ध्यावर न अडकणे ही लहान गोष्ट नाही. शिवाय बहुतेक छोटे संच पडद्याच्या पाठीमागे असलेल्या ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराच्या चार छिद्रांवर पट्टीने बसविता येतात. गल्ल्याखालची जागा मोकळी होते आणि झाडलोटीची धूळ व फरशीवरचे पाणी यांपासून यंत्र वर राहते.

कोठे अडते?

पेढीवर छोटा संच अडतो तो बहुधा जोडणीच्या जागी. जुने डॉट मॅट्रिक्स प्रिंटर २५ पिनांच्या समांतर जोडणीवर चालतात; वजनकाटे अनेकदा नऊ पिनांच्या जुन्या जोडणीतून संगणकाशी बोलतात. छोट्या संचांत यांपैकी काहीच नसते, काही कार्यालयीन नमुन्यांचा अपवाद वगळता. यूएसबीचे रूपांतरक मिळतात, पण प्रत्येक काट्याशी व प्रिंटरशी ते जुळतीलच असे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानदाराला पेढीवर बोलवावे आणि स्वतःच्या काट्यावर, स्वतःच्या प्रिंटरवर एक बिल काढून दाखवायला सांगावे. प्रिंटर, स्कॅनर, कळफलक, माऊस आणि पेन ड्राइव्ह यांची संख्या मोजून तेवढ्या यूएसबी जागा आहेत की नाहीत, हेही पाहावे.

दुसरी अडचण दुरुस्तीची. मोठ्या पेटीचा वीजपुरवठा जळाला तर तालुक्याच्या गावीही त्याच दिवशी दुसरा मिळतो. छोट्या संचाचा मुख्य फलक त्या कंपनीचा, त्या नमुन्यापुरताच असतो; तो गेला तर कंपनीच्या सेवा केंद्राकडेच पाहावे लागते. काही संचांत रॅमही फलकावर कायमची जडविलेली असते आणि पुढे वाढविता येत नाही. रॅम व एसएसडी दोन्ही बदलता येतील असाच संच निवडावा. अडॅप्टर बिघडला तर हाताला येईल तो लावू नये. व्होल्ट आणि पिनेची धन-ऋण बाजू तंतोतंत तीच, आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असले पाहिजेत.

तिसरी बाब धुळीची. धान्य, मिरची-मसाला, कापूस, सिमेंट यांच्या दुकानांत छोट्या पंख्याच्या बारीक जाळ्या लवकर भरतात आणि संच तापून संथ होतो. अशा ठिकाणी पंखा नसलेला नमुना घ्यावा, किंवा दर तीन महिन्यांनी सफाईचा नेम ठेवावा.

काही व्यवसायांना तर मोठी पेटीच हवी. दागिन्यांची त्रिमितीय आरेखने, साडी व कापडाचे डिझाइन, छपाई, चित्रफितींचे संपादन अशा कामांत वेगळे ग्राफिक कार्ड लागते आणि तासन्‌तास पूर्ण भाराने यंत्र चालवावे लागते. तेथे मोठ्या पेटीतील मोकळी हवा आणि रिकाम्या खाचा यांचे मोल आहे.

घेताना काय विचारावे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जिल्ह्याच्या गावी काय, मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले एक लिटरचे संच स्वस्तात मिळतात. ते वाईट नसतात. मात्र त्यांतील प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हे विचारावे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा संच स्वस्त दिसतो, पण तो पुन्हा त्याच जुन्या अडचणीत नेऊन सोडतो.

अनोळखी नावाच्या आयात संचांबाबत अधिक सावध राहावे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप व टॅबलेट यांच्याबरोबर अतिलघु आकाराच्या संगणकांची आयातही परवान्याच्या कक्षेत आणली. संगणक व त्यांचे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणीही सक्तीची आहे. म्हणून संचावर आणि अडॅप्टरवर ती खूण पाहावी, पक्के जीएसटी बिल घ्यावे, विंडोजचा परवाना अस्सल असल्याचे बिलावर लिहून घ्यावे आणि वॉरंटी कोण, कोठे पुरविणार हे विचारावे. बिलाविना घेतलेल्या स्वस्त संचाला ना वॉरंटी, ना कराची वजावट.

चोपडीची राखण

पूर्वी पेढीला आग लागली तर लोक माल सोडून आधी चोपड्या उचलीत, कारण माल पुन्हा भरता येतो, उधारीचा पुरावा पुन्हा लिहिता येत नाही. आज तोच पुरावा संगणकात आहे, आणि कायद्यानेही त्याचे रक्षण बंधनकारक केले आहे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. हिशेब संगणकावर असेल, तर अपघातानंतरही तो परत उभा करता येईल अशी प्रत ठेवावी, असे नियमच सांगतात.

छोटा संच ही जबाबदारी वाढवितो. मोठी पेटी चोरायला दोन हात लागत. छोटा संच पिशवीत जातो आणि त्याबरोबर ग्राहकांची नावे, येणे-देणे, बँकेचे तपशीलही जातात. म्हणून संच पडद्यामागे स्क्रूने पक्का करावा किंवा कुलुपाच्या तारेने बांधावा. विंडोजमधील बिटलॉकरसारख्या सोयीने साठवण कुलूपबंद करावी आणि त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावी. ती हरवली तर मालकालाही आपला हिशेब उघडता येणार नाही.

प्रतींसाठी दोन बाह्य ड्राइव्ह घ्यावेत. रोज दुकान वाढविताना एकावर प्रत घ्यावी आणि ती काढून ठेवावी, कारण सतत जोडलेला ड्राइव्ह विषाणूच्या तावडीतही सापडतो. दुसरा घरी असावा आणि दर आठवड्याला दोघांची अदलाबदल व्हावी. दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर, वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून पाहावी. चालू हिशेबावर ती चुकून लादू नये. कधी उघडून न पाहिलेली प्रत ही न मोजलेल्या रोकडीसारखी असते.

जुनी पेटी भंगारवाल्याला देण्याआधी तिची डिस्क काढून घ्यावी. नव्या संचात सारा हिशेब आला, बेरजा जुळल्या, मागील वर्षांचे ताळेबंद उघडले, याची खात्री झाल्यावरच तिचे काय करायचे ते ठरवावे. ती जपून ठेवावी किंवा माहिती पूर्ण पुसून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

या खरेदीसाठी घरातील एक जाणता आणि एक तरुण असे दोघे मिळून बसले तर उत्तम. तरुणाला प्रोसेसर कळतो, जाणत्याला पेढी कळते. बहुसंख्य पेढ्यांना छोटा संच निःसंशय पुरेल. मात्र आधी काट्यावर एक बिल काढून पाहावे, आणि पहिल्याच संध्याकाळी पहिली प्रत घ्यावी.