घरांतील अमुकच जागा कुत्रा कां टाळतो?

घरचा पाळीव कुत्रा सगळ्या घरभर फिरतो, परंतु एखाद्या खोलींत मात्र पाऊल टाकीत नाहीं. किंवा आजवर जेथें निजत असे त्या जागेकडे एकाएकीं पाठ फिरवितो, हा अनुभव आमच्या पुष्कळ कास्तकार बंधूंना आला असेल. अशा वेळीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, त्या जागीं कांहीं तरी बाधा आहे. माणसास न दिसणारें मुक्या जनावरास दिसतें. दुसरा पक्ष म्हणतो, कुत्रा हट्टी झाला आहे. दोन काठ्या द्या म्हणजे सरळ होईल. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकच चूक करितात. दोघांपैकीं कोणीहि ती जागा नीट न्याहाळून पाहत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं नागपुरास आमच्याच घरीं असा प्रसंग घडला. वैशाखाचे दिवस होते. आमचा मोती नांवाचा कुत्रा रोज दुपारीं माजघरांत कूलरच्या वाऱ्यावर निजत असे. एके दिवसापासून तो उंबरठ्याशींच थबकूं लागला. एक पाय पुढें टाकी, तो झटकन् मागें घेई, आणि कण्हत ओसरीवर जाऊन पडे. शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आमच्या मातोश्री त्याच खोलींत वारल्या होत्या याची आठवण करून दिली, आणि घरांत कुजबूज सुरू झाली. आमच्याहि मनाची क्षणभर चलबिचल झाली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु मौका पाहिल्यावाचून अहवाल लिहूं नये, ही महसुली कचेरींतील संवय अंगवळणी पडलेली. आम्ही विजेच्या कारागिरास बोलाविलें. त्यानें पाहिलें तों कूलरच्या पंपाची तार एका ठिकाणीं सोलली जाऊन ओल्या पत्र्यास लागली होती, आणि खालीं झिरपलेल्या पाण्यानें फरशी उंबरठ्यापर्यंत ओली झाली होती. गुडघेदुखीमुळें आम्ही घरांतहि रबरी चपला वापरतों, म्हणून आम्हांस कांहीं जाणवलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं आमची सहा वर्षांची नात सुटीसाठीं यावयाची होती, आणि कूलरपुढें अनवाणी उभें राहण्याची तिला भारी हौस.

कुत्र्यास जें कळलें तें आम्हांस कां कळलें नाहीं, याचें उत्तर साधें आहे. त्याचे चारहि पाय उघडे असतात, आणि त्यास जो थोडाबहुत घाम येतो तो तळव्यांसच येतो. ओल्या फरशींतून वाहणारी वीज त्याच्या अंगांतून सहज वाट काढते. शिवाय त्याचीं इंद्रियेंहि आपल्याहून तीक्ष्ण आहेत. मनुष्यास सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकूं येतो. कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. आपल्या नाकांत वास ओळखणारे कण ५०-६० लाख मानले, तर कुत्र्याच्या कांहीं जातींत ते ३० कोटींपर्यंत असतात. म्हणून एखाद्या यंत्राची बारीक शीळ किंवा फिनेलचा उग्र वास आपणांस क्षुल्लक वाटला, तरी कुत्र्यास तो असह्य होऊं शकतो. जें आपणांस दिसत नाहीं तें सर्वच अमानवी, असें मात्र यावरून ठरत नाहीं.

धान्याच्या कोठीची गोष्ट याहून गंभीर आहे. पोरकिडा व सोंडे मारण्यासाठीं अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पुष्कळ घरीं आणून ठेवितात. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फिन नांवाचा विषारी वायु सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळींतून सुमारें १ ग्रॅम. हा वायु हवेपेक्षां किंचित् जड असून दाराच्या फटींतून शेजारच्या खोलींत शिरतो. बाजारी गोळ्यांस लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो. पण वास आला नाहीं म्हणजे वायु नाहीं असें समजूं नये. या विषावर उतारा नाहीं. जेथें माणसें निजतात त्या घरांत या गोळ्या वापरणें म्हणजे जिवाशीं खेळ होय. कोठी अलीकडेच धुरविली असेल आणि कुत्रा तिकडे जाण्यास कचरत असेल, तर प्रथम सर्व माणसांस बाहेर काढावें आणि दारें-खिडक्या उघडून खोली वाहती करावी. कोणास मळमळ, डोकेदुखी किंवा छातींत घुसमट वाटल्यास तत्काळ दवाखाना गांठावा.

जेथें धान्य तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें साप, हेंहि आपणांस ठाऊक आहेच. विदर्भांत नाग, मण्यार व घोणस हे तिन्ही विषारी साप आढळतात. त्यांपैकीं मण्यार रात्रीं हिंडते, आणि जमिनीवर निजलेल्या माणसास तिचा दंश पुष्कळदां कळतहि नाहीं. कुत्रा एखाद्या कोपऱ्याकडे पाहून गुरगुरत असेल व पुढें जात नसेल, तर तेथें हात घालूं नये. विजेरीच्या उजेडांत दुरूनच पाहावें, आणि साप दिसल्यास जाणत्या सर्पमित्रास बोलवावें.

परंतु प्रत्येक वेळीं दोष जागेचाच असतो असें नाहीं. कित्येकदां दोष कुत्र्याच्या शरीरांत असतो. घरांत नवी गुळगुळीत फरशी बसविली कीं त्याचीं नखें तीवर ठरत नाहींत, आणि एकदां घसरून पडलेला कुत्रा ती खोलीच वर्ज्य करितो. गोणपाटाची पट्टी अंथरून दिली कीं तो पुन्हां जाऊं लागतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखतात, म्हणून तो जिना टाळतो. डोळ्यांत मोतीबिंदु झाला असल्यास अंधारी खोली टाळतो.

कधीं कारण त्याच्या स्मरणांत असतें. रशियांतील शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह, ज्यांस १९०४ सालीं पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, एखादी खूण व एखादा अनुभव वारंवार एकत्र आले म्हणजे पुढें नुसती खूणच पुरते. तीव्र भीतीच्या बाबतींत तर एकच अनुभव पुष्कळदां पुरतो. स्वयंपाकघरांत अंगावर गरम पाणी सांडलें, किंवा दिवाळींत अंगणांत फटाका जवळ फुटला, तर ती जागा कुत्रा महिनोंमहिने विसरत नाहीं. अशास काठीनें आंत ढकलल्यास भीति दुणावते. त्याचें जेवण प्रथम दाराबाहेर व मग रोज वीतभर आंत सरकवीत न्यावें. हाच खरा उपाय.

एक प्रकार मात्र वेगळा समजावा. कुत्रा उजेड टाळून अंधाऱ्या कोपऱ्यांत दडूं लागला, ओळखीच्या माणसावरहि गुरगुरूं लागला, अन्नपाणी सोडलें, लाळ गळूं लागली किंवा जबडा लोंबूं लागला, तर त्यास ओढून काढण्यास जाऊं नये. तो पिसाळला असण्याचा संभव आहे. मुलांस दूर ठेवून पशुवैद्यास कळवावें. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी रुग्णालयांत जाऊन लस घ्यावी. पाश्चर यांनीं १८८५ सालीं ही लस माणसावर प्रथम यशस्वी केली. पण रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर मनुष्य जवळजवळ कधींच वांचत नाहीं. हळद-तिखट भरण्यांत किंवा मंत्र-तंत्रांत वेळ घालवूं नये. आपल्या कुत्र्यास दरसाल लस टोंचून घ्यावी. १९५८ सालीं नागपुरास पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालें तें आजहि चालू आहे. आसपासच्या कास्तकारांनीं तेथील सल्ल्याचा लाभ अवश्य घ्यावा.

तात्पर्य, कुत्रा एखादी जागा टाळूं लागल्यास क्रम असा ठेवावा. प्रथम मुख्य खटका बंद करून विजेचें सामान व ओल तपासावी. दुसरें, औषधाचा किंवा वायूचा वास व अलीकडची धुरी यांची चौकशी करावी. तिसरें, साप-विंचवासाठीं कोपरे दुरून पाहावेत. चौथें, फरशी व उजेड पाहावा. पांचवें, कुत्र्याचे पाय, डोळे व वय यांचा विचार करावा. सर्वांत शेवटीं तेथें पूर्वीं त्यास कांहीं इजा झाली होती काय, हें घरच्या मुलांस विचारावें. मुलांस असल्या गोष्टी बिनचूक ठाऊक असतात. मात्र कुत्रा जातो म्हणून जागा निर्धोक, असें उलट अनुमान काढूं नये. विजेची गळती ३० मिलिअँपिअर होतांच प्रवाह तोडणारें यंत्र बाजारांत मिळतें. कूलर असलेल्या प्रत्येक घरांत तें बसवावें, आणि कूलरमध्यें पाणी भरतांना बटण बंद करून खटक्यांतील पिनहि उपटावी.

तार बदलून फरशी कोरडी केल्यावरहि मोती चार दिवस आंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं दुपारीं तो आपण होऊन आला, जमीन हुंगली, आणि नातीच्या पायाशीं निजला. मुक्या जनावराची तक्रार लेखी येत नसते, म्हणून ती दप्तरीं दाखल न करितां फेटाळूं नये, एवढीच वाचकांस विनंति करून हा लेख पुरा करितों.