बधिर झालेला पाय पुन्हा हलतो कसा?

पायाच्या शस्त्रक्रियेसाठी पुष्कळदा रोग्याला पूर्ण भूल देत नाहीत. कमरेखालचा भाग तेवढा बधिर करतात. रोगी जागा असतो, पण पाय हलवू म्हटले तर हलत नाही! पाय कायमचा तर गेला नाही ना, अशी धास्ती त्याला वाटते. मग हा पाय पुन्हा हलू लागतो तो कसा?

जर्मनीतील आउगुस्ट बीर यांनी १८९८ साली ही पद्धत शस्त्रक्रियेसाठी वापरली. कमरेजवळ, पाठीच्या कण्यातील द्रवात औषध टोचतात. मेंदूची आज्ञा चेतातंतूंतून विद्युत्स्पंदांच्या रूपाने जाते. त्यासाठी सोडियमचे आयन तंतूच्या आवरणातील सूक्ष्म दारांतून आत शिरावे लागतात. औषध ही दारेच अडवते. तार शाबूत असते, निरोप तेवढा थांबतो.

पुढे रक्त हे औषध हळूहळू वाहून नेते आणि दारे मोकळी होतात. औषधाप्रमाणे साधारणतः २ ते ४ तासांत पाय हलू लागतो. वेदनेचे तंतू बारीक असल्याने थोड्या औषधानेही अडतात. स्नायूंकडे जाणाऱ्या जाड तंतूंना ते जास्त लागते. म्हणून औषध ओसरताना बहुधा हालचाल आधी परतते, वेदना मागाहून.

तेव्हा पाय हलला की लगेच उभे राहू नये, तोल जातो. गरम पाण्याची पिशवीही ठेवू नये. भाजले तरी कळत नाही. मात्र ठरल्या वेळेनंतरही पाय हलला नाही, किंवा आलेला जोर पुन्हा गेला, तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.